नव्या शहरात सावड जमवायची कशी

मंगळवेढ्याकडच्या आमच्या घरी एकच बैल होता. दुसरा शेजारच्या रानातल्या तात्यांचा. दोन मिळून औत व्हायचं, आज आमच्या रानात, उद्या त्यांच्या. ज्वारीची काढणीही तशीच: चार दिवस ते आमच्याकडे राबायचे, चार दिवस आम्ही त्यांच्याकडे. याला आमच्याकडे सावड म्हणतात. हिशेब कुठं लिहिलेला नसायचा, पण तो कुणी विसरतही नसे. आणि सावड कधी पेरणीच्या दिवशी ठरत नसे. पेरणी तोंडावर आल्यावर जोडीदार शोधत फिरणाऱ्याला कुणी बैल देत नाही, ती बोलणी आधीच झालेली असायची.

२०११ साली पिंपरी-चिंचवडला राहायला आले तेव्हा हे सगळं मी गावात ठेवून आले होते. शहरात पैसे मोजले की काम होतं, कुणाची गरज लागत नाही, अशी माझी समजूत होती. ती मोडायला एक वर्षही लागलं नाही. नोकरीसाठी, लग्न होऊन किंवा मुलांच्या शिक्षणासाठी तुम्ही नुकतेच एखाद्या शहरात आला असाल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. उदाहरणं माझ्या भागातली आहेत, पण नाशिक, ठाणे, छत्रपती संभाजीनगर इथेही फार वेगळं करावं लागत नाही.

पहिला आठवडा: कागद आणि नंबर

माणसं जोडायची म्हणून निघालो आणि सुरुवात कागदापासून, हे विचित्र वाटेल. पण घरमालकाशी नातं चांगलं राहावं असं वाटत असेल तर आधी सगळं लेखी करून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, त्याचं कलम ५५: भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. ‘आपलीच माणसं आहात, कागद कशाला?’ असं कुणी प्रेमानं म्हणालं तरी तितक्याच प्रेमानं आग्रह धरा. डिपॉझिट किती, रंगकामाचे पैसे कोण देणार, घर सोडायच्या किती आधी सांगायचं, हे लिहिलेलं असलं की दोन वर्षांनी तोंड फिरवायची वेळ येत नाही.

त्याच करारावर पत्त्याचे बाकीचे कागद निघतात. रेशनकार्डाबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. अन्न सुरक्षा योजनेतलं कार्ड गावचं असलं तरी शहरातल्या रेशन दुकानात आधारवर अंगठा देऊन धान्य मिळतं. त्यासाठी गावातलं नाव कमी करून आणायची गरज नाही.

मग एक कोरा कागद घ्या आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. मोठ्या अक्षरात लिहा: पोलीस, आग, कुठलंही संकट ११२. रुग्णवाहिका १०८, ही मोफत आहे. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७, ऑनलाइन पैसे लुबाडले गेले तर १९३०. या शेवटच्या नंबरावर जितक्या लवकर फोन जाईल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त, म्हणून लाजेपोटी रात्रभर थांबू नका. खाली चार ओळी मोकळ्या सोडा. त्या ओळींत माणसांची नावं यायची आहेत, आणि ती कशी मिळवायची हे पुढं सांगते.

विरजण मागा

मी सर्वात जास्त भर या पायरीवर देते.

नवीन ठिकाणी आपण सगळे एकच चूक करतो. कुणाला त्रास नको, कुणाचे उपकार नकोत, म्हणून काहीच मागत नाही. मग एकदम मोठी अडचण येते आणि ज्याचं नावही माहीत नाही त्याच्या दारात जाऊन मोठं काहीतरी मागावं लागतं. त्याऐवजी पहिल्या पंधरा दिवसांतच एक अगदी लहान गोष्ट मागा. माझा अनुभव सांगायचा तर विरजणाइतकी चांगली गोष्ट दुसरी नाही. ते बहुतेक घरांत असतं, चमचाभरच लागतं, त्याची किंमत कुणी धरत नाही आणि द्यायला कुणी नाही म्हणत नाही. शिवाय वाटी परत द्यायला पुन्हा जावं लागतं, आणि दुसऱ्यांदा दार उघडणारा माणूस पहिल्यापेक्षा निवांत बोलतो.

आमच्या समोरच्या काकूंकडे मी असंच विरजण मागितलं. दुसऱ्या दिवशी वाटी रिकामी कशी द्यायची, म्हणून त्यात शेंगाची चटणी घालून दिली. आमची सोलापूरकडची, तिखट. चार दिवसांनी काकू स्वतःच आल्या, ‘ती चटणी कशी करतेस गं?’ म्हणून. उखळात कुटायची, मिक्सरमध्ये नाही, म्हणजे तेल सुटतं, एवढं सांगण्यात अर्धा तास गेला. तेवढ्यात त्यांच्या गुडघ्याचं दुखणं, माझ्या मिस्टरांची रात्रपाळी, त्यांच्या मुलाचं बेंगळुरूला असणं, सगळं बोलून झालं. आपल्याकडे डबा रिकामा परत द्यायचा नाही ही रीत आहे ना, तिच्यात सावडीचाच हिशेब आहे. दोघांपैकी एकाकडे नेहमी दुसऱ्याची वाटी असते, म्हणून येणं-जाणं थांबत नाही.

२०१२ च्या पावसाळ्यात एका रात्री दोन वाजता धाकट्याला तापात आकडी आली. तो आठ महिन्यांचा होता. हे रात्रपाळीला भोसरीत. थोरली चार वर्षांची, आत झोपलेली. १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली, तेव्हा ती नव्हती. बाळाला दवाखान्यात न्यायचं की थोरलीजवळ थांबायचं, या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर होतं, समोरचं दार. मी बेल वाजवली. काका बनियनवरच गाडीची किल्ली घेऊन बाहेर आले आणि काकू काही न विचारता आमच्या घरात जाऊन थोरलीच्या शेजारी आडव्या झाल्या. सकाळी ती उठली तेव्हा काकू तिची वेणी घालत होत्या. बाळ दोन दिवसांत बरं झालं.

आठ महिन्यांत आमच्यात वाट्यांखेरीज काहीच देणं-घेणं झालं नव्हतं. पण त्या वाट्या नसत्या तर मी ती बेल वाजवली असती का, याची मला आजही खात्री नाही.

विरजण हे उदाहरण. एकटे राहणारे असाल तर शिडी मागा, स्क्रूड्रायव्हर मागा, गॅसवाल्याचा नंबर विचारा, कुरिअर घेऊन ठेवायला सांगा. क्रम मात्र पाळा. आधी वस्तू, मग वेळ (‘दहा मिनिटं बाळाकडे बघाल का?’), मग घराची किल्ली, आणि सर्वात शेवटी मूल. प्रत्येक पायरीवर समोरचा कसा वागतो ते बघा. दिलेली वेळ पाळतो का? तुमच्या घरातली गोष्ट चौथ्या मजल्यावर पोहोचते का? तुमच्यासमोर दुसऱ्यांबद्दल कसा बोलतो? विश्वास ठेवावा की नाही हा प्रश्न असा तुकड्या-तुकड्यानं सोडवता येतो, एकाच दिवशी सगळं ठरवावं लागत नाही. मुलांच्या बाबतीत तर कितीही ओळख असो, मूल कुणाकडे जायला नको म्हणत असेल तर त्याचं ऐका. भिडेखातर पाठवू नका.

इमारतीबाहेरची ओळख

किराणावाले, इस्त्रीवाले, वॉचमन, स्टँडवरचे रिक्षावाले, अंगणवाडीच्या ताई. यांच्याशी आपली मैत्री होईलच असं नाही, आणि व्हायची गरजही नाही. नावानं हाक मारण्याइतकी ओळख पुरते. अंगणवाडीच्या ताईंकडे तर नक्की जा, घरात लहान मूल नसलं तरी. कुठल्या गल्लीत कोण राहतं, लसीकरण कधी, कुठला दवाखाना माणुसकीनं वागवतो, कुणाला कामाला बाई हवी आहे, हे त्यांच्याइतकं वस्तीत फार थोड्यांना माहीत असतं.

अशा वरवरच्या ओळखींना आपण कमी लेखतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं, ज्यानं नोकरीची बातमी दिली तो माणूस तेव्हा तुम्हाला किती वेळा भेटायचा? १९७३ साली छापलेल्या त्यांच्या आकड्यांत वारंवार भेटणारे फक्त १६.७ टक्के निघाले. अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के आणि क्वचित भेटणारे २७.८ टक्के. कारण सरळ आहे. जवळच्या माणसाला जे माहीत, ते आपल्यालाही बहुधा माहीत असतं, नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते. माझी पहिली नोकरी इस्त्रीवाल्या दादांमुळे लागली. ज्या ऑफिसमधल्या बाईंचे कपडे ते नेऊन द्यायचे, तिथं टायपिंग येणारी मुलगी हवी होती.

अशी ओळख वाढवायला एकाच जागी, ठरलेल्या वेळी जात राहणं हा सर्वात सोपा उपाय. जवळचं सार्वजनिक वाचनालय शोधा. राज्यात १९६७ पासून ग्रंथालयांचा कायदा आहे आणि शासनमान्य वाचनालयं गावोगावी आहेत, वर्तमानपत्रं वाचायला तर काही मोजावंही लागत नाही. घरात ज्येष्ठ असतील तर त्यांना बागेतल्या हास्य क्लबात नाहीतर ज्येष्ठ नागरिक संघात पोहोचवा. पहिले दोन दिवस स्वतः सोबत जा, एकटं जायला ते बिचकतात. हास्य क्लब तरी कसा सुरू झाला? १९९५ साली मुंबईत लोखंडवाला भागातल्या एका बागेत डॉ. मदन कटारिया आणि त्यांच्यासोबत जेमतेम चार-पाच माणसं, एवढ्यावर.

गणपतीची वर्गणी मागायला मंडळाची पोरं आली की नुसते पैसे देऊन दार लावू नका. ‘काही काम असेल तर सांगा’ म्हणा आणि खरंच जा. प्रसादाच्या पंक्तीत वाढायला उभं राहिलं की एका संध्याकाळी सगळी गल्ली तुम्हाला चेहऱ्यानं ओळखू लागते. रक्तदान शिबिर असेल तर रक्त द्या. कुणाचा रक्तगट कोणता, हे माहीत असलेली मंडळाची पोरं पुढं फार उपयोगी पडतात.

आपल्या गावचे लोक

शहरात आलेल्याला आधी आठवतात ते गाववाले, आणि ते बरोबरच आहे. मुंबईचं गिरणगाव याच आधारावर उभं राहिलं. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार गावमंडळाच्या खोलीत राहायचे. एका खोलीत वीस-वीस, तीस-तीस जण, पाळ्यांप्रमाणे आळीपाळीनं झोपणारे. जेवण खानावळीत, आणि ती चालवणारी बाई बहुधा एखाद्या कामगाराचीच बायको नाहीतर विधवा. याच खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या हातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. एकमेकींच्या भरवशावर कर्ज उभं राहतं, हे त्या बायकांनी दाखवून दिलं.

तेव्हा तुमच्या तालुक्याचं, जिल्ह्याचं मंडळ शहरात असेल तर जरूर जा. खोली मिळणं, पहिली नोकरी, दवाखान्यातला डबा, यात त्यांची मदत होते. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. सगळा आधार एकाच ठिकाणचा असू देऊ नका. गावातलं भांडण शहरात आलं की तो सगळाच्या सगळा एकदम जातो. जातीपुरत्या, भाषेपुरत्या ओळखींचंही तसंच आहे, समोरचं दार बहुधा वेगळ्याच गावचं असतं. आणि दुसरी गोष्ट पैशाची. ती मी ठेच लागून शिकले.

पैशाचा विश्वास वेगळा मोजा

आमच्या ऑफिसात एक भिशी होती. बारा जणी, महिन्याला तीन हजार, दर महिन्याला एकीला छत्तीस हजार. पहिला नंबर भिशी चालवणारीचा, बाकीचे चिठ्ठ्यांनी. ती आमच्याच तालुक्यातली, माझ्याशी गावाकडच्या बोलीत बोलायची. मी काहीही न विचारता नाव घातलं. सातव्या महिन्यात तिनं नोकरी सोडली, फोन बंद केला, त्या महिन्याची रक्कम तिच्याकडेच राहिली आणि माझ्यासकट पाच जणींचा नंबर यायचाच होता. माझे एकवीस हजार गेले. लेखी काहीच नव्हतं.

मला पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे, की मी तिला कधी पारखलंच नव्हतं. बोली ऐकली आणि सगळं गृहीत धरलं. काकूंच्या बाबतीत मी आठ महिने वाटी-वाटीनं पुढं गेले होते, इथं मात्र पहिल्याच दिवशी छत्तीस हजारांच्या व्यवहारात.

म्हणून पैशांसाठी वेगळे नियम करा आणि ते सगळ्यांना सारखेच लावा, म्हणजे कुणाला वाईट वाटत नाही. उसने द्यायचे तर परत नाही आले तरी चालतील एवढेच द्या आणि रोख न देता खात्यावर पाठवा, म्हणजे नोंद राहते. कुणाच्या कर्जाला जामीन राहू नका. राहायचंच असेल तर ते कर्ज आपल्यालाच फेडायचं आहे असं धरून सही करा. ओटीपी, कोरा धनादेश, आधारची सही केलेली प्रत ‘जरा लागते आहे’ म्हणून कुणालाही नाही, सख्ख्या भावालाही नाही.

भिशीत जायचंच तर लहान रकमेची, आधीची एक फेरी पूर्ण झालेली, आणि पैसे कुणाला कधी मिळाले याची वही सगळ्यांना बघायला मिळेल अशी बघा. चालवणारीनं वही दाखवायला टाळाटाळ केली तर तिथूनच परत फिरा. महिन्याला दोन-तीन टक्के परतावा देतो म्हणणारा कितीही जवळचा असो, त्याला हात जोडा. ठेवींबद्दल एवढं माहीत असू द्या: बँकेतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवींना तो विमा लागू नाही. पतसंस्था वाईट असते असं मी म्हणत नाही, पण घर विकून आलेली सगळी रक्कम ‘संचालक ओळखीचे आहेत’ एवढ्यावर तिथं ठेवू नये.

बायकांसाठी बचत गट मला भिशीपेक्षा खूप बरा वाटतो. गटात साधारण दहा ते वीस जणी असतात, खातं बँकेत गटाच्या नावानं असतं, सह्या एकीच्या नसतात, दर बैठकीचं इतिवृत्त लिहिलं जातं. भिशीत जे एका बाईच्या शब्दावर चालतं, ते इथं वहीवर चालतं. महिला आर्थिक विकास महामंडळ, ज्याला सगळे ‘माविम’ म्हणतात, १९७५ पासून बायकांसाठी काम करतं आहे. गट कुठं आहे हे त्यांच्या जिल्हा कार्यालयात किंवा महापालिकेच्या समाज विकास विभागात विचारता येतं.

दवाखान्यात कुणाला शोधायचं

मोठं आजारपण आलं की नातेवाईक धावतात, पण कागद कुठले लागतात हे त्यांनाही माहीत नसतं. दोन माणसं शोधा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, भरती होतानाच त्याला भेटा. आणि धर्मादाय रुग्णालय असेल तर तिथल्या समाजसेवा विभागात जा. अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. ‘खाटा शिल्लक नाहीत’ असं उत्तर काउंटरवरच मिळालं तर समाजसेवकाला भेटायचं आहे असं ठामपणे सांगा, आणि तरी भागलं नाही तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते. डिस्चार्जच्या दिवशी बिल हातात घेऊन हे शोधत बसलात तर उशीर होतो.

मन जड झालं तर

नव्या शहरातले पहिले सहा महिने फार एकटे जातात. पुरुष तर हे बोलतही नाहीत. माझे मिस्टर दीड वर्ष कुणाशी मनातलं बोलले नव्हते हे मला त्यांच्या एका सहकाऱ्याकडून कळलं. तुम्ही भेटता त्या सगळ्या माणसांत, जिच्याजवळ रडता येईल अशी एक तरी व्यक्ती आहे का, हे स्वतःला विचारा. नसेल, किंवा असूनही सांगवत नसेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. २०२२ पासून सुरू आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. ‘एवढं काही झालं नाही’ असं वाटत असतानाच फोन करायला हरकत नाही.

नाही म्हणायची सवय

तुम्ही मदत करणारे आहात हे कळलं की काही जण रोज येतात. सावडीत असा माणूस ओळखायची साधी खूण होती: आपल्या रानात औत हवं तेव्हाच त्याला तुमची आठवण येते. त्याच्याशी भांडू नका. ‘आज जमणार नाही’ एवढंच म्हणा, खोटं कारण देऊ नका. कारण दिलं की त्याच्यावर तोडगा निघतो. मात्र म्हातारी, आजारी, एकटी माणसं या हिशेबात धरू नका. आमच्या काकूंचा गुडघा आता पार गेलाय, त्यांचं दळण आणि औषधं आम्ही आणतो, आणि वाट्यांचा हिशेब कधीच संपला.

गावाकडे राहिलेले

शेवटचं काम शहरातलं नाही. तुम्ही इकडे आलात, पण आई-वडील तिकडेच आहेत. त्यांची सावड आता तुम्हीच जुळवून द्यायची. पुढच्या वेळी गावाला गेलात की शेजारच्या दोन घरांत प्रत्येकी पाच मिनिटं टेका, त्यांचे नंबर घ्या, तुमचा द्या. गावातल्या आशा सेविकेचा नंबर घ्या. औषधाच्या दुकानदाराला सांगून ठेवा. आईला फोनवर एकदा १४५६७ लावून दाखवा. आणि शहरातून जाताना त्या दोन घरांसाठी काहीतरी न्या, चिवडा का असेना.

माझे वडील गेले, आता आई एकटीच असते. रोज संध्याकाळी सातला मी फोन करते. तिनं उचलला नाही तर दुसरा फोन तात्यांच्या सुनेला. आमच्या घराची दुसरी किल्ली तिच्या देवघरातल्या फळीवर असते.